विद्यापीठांच्या हद्दी आणि यवतमाळचे खेळाडू

उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा सुरू होतो. नदीच्या अलीकडची महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची, पलीकडच्या हदगावची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. कबड्डीचे वेड दोन्ही काठांना सारखेच. बाजारहाट एकमेकांकडे, सोयरिकीही एकमेकांत. पण या दोन काठांवरच्या महाविद्यालयांचे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कधीही समोरासमोर येत नाहीत. दोन्हीकडचे चांगले खेळाडू आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवडले गेले आणि त्या दोन संघांची गाठ पश्चिम विभागीय स्पर्धेत पडली, तर त्यांचा सामना होणार. तोही कदाचित राजस्थानात किंवा गुजरातेत, घरापासून हजार किलोमीटरवर.

यवतमाळ जिल्ह्याच्या सगळ्याच कडांवर थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. पूर्वेला वणी. तिथून चंद्रपूर साठेक किलोमीटर आणि अमरावती दोनशेच्या आसपास. तरीही वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाच्या संघाला वरोरा, भद्रावती, राजुऱ्याचे संघ परके, कारण ते गोंडवाना विद्यापीठाचे. कळंब आणि बाभुळगावच्या बाजूला वर्धा नदीपलीकडे पुलगाव, देवळी, वर्धा. ती महाविद्यालये नागपूर विद्यापीठाची. पांढरकवड्याखाली आदिलाबाद, तिथे घराघरांत मराठी बोलली जाते, पण राज्यच वेगळे. सोळा तालुक्यांचा हा एक जिल्हा चार परक्या विद्यापीठांच्या क्षेत्रांना खेटून आहे आणि त्या चौघांशीही त्याचा खेळाचा व्यवहार नाही.

या हद्दी खेळासाठी कोणी आखलेल्या नाहीत. त्या परीक्षांसाठी, संलग्नतेसाठी आणि पदव्यांसाठी आखल्या गेल्या. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले, आणि १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत यवतमाळचे खेळाडू नागपूरकडे पाहत होते. त्या काळी वणीचा आणि चंद्रपूरचा खेळाडू एकाच विद्यापीठाचा असे. नव्या विद्यापीठात अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ असे वऱ्हाडाचे चार जिल्हे आले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि ते पाच झाले. दक्षिणेकडे १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला नवे विद्यापीठ आले. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूरमधून निघून गोंडवाना विद्यापीठाखाली गेले. यातला प्रत्येक निर्णय शिक्षणाच्या सोयीसाठी झाला आणि त्या अंगाने बहुतेक निर्णय योग्यच होते. बुलढाण्याच्या मुलीने गुणपत्रिकेसाठी नागपूरला का जावे, हा प्रश्न खरा होता. पण त्याच रेषेने तिचे प्रतिस्पर्धी कोण हेही ठरवले, आणि या परिणामाची चर्चा तेव्हा झाली नाही, आजही होत नाही.

हाच विषय अमेरिकेत गेली चार वर्षे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आहे. तिथल्या विद्यापीठांचे खेळ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत चालतात. दरवर्षी एकमेकांशी खेळायचे, असा करार केलेला विद्यापीठांचा समूह म्हणजे कॉन्फरन्स. बिग टेन हा गट १८९६ चा, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाची मुळे १९१५ मधली. हे गट मुळात शेजाऱ्यांचे होते, कारण रेल्वेने किंवा बसने जाऊन खेळून परत येता आले पाहिजे. मग दूरचित्रवाणीचा पैसा आला. बिग टेनने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. त्याच वर्षी ३० जूनला लॉस एंजेलिसमधल्या दोन मोठ्या विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, पॅसिफिकचा गट सोडून बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा केली. पुढच्या उन्हाळ्यात कोलोरॅडो गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, अ‍ॅरिझोनाची दोन आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात दाखल झाली. शंभर वर्षांहून जुन्या गटात ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे उरली.

पैसा जिथून येतो तो अमेरिकी फुटबॉल. पण गट बदलला की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणे, टेनिस असे सगळेच खेळ त्याच्यामागून फरफटत जातात. फुटबॉलचा संघ आठवड्याला एक सामना खेळतो, तोही खास विमानाने जाऊन. व्हॉलीबॉलच्या मुलीला मात्र आठवड्याच्या मध्यावर देश ओलांडून जावे लागते आणि परत येऊन परीक्षेला बसावे लागते. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट एकाच राज्यातली. त्यांचा फुटबॉल सामना १९०४ पासूनचा, गेल्या शतकात जवळजवळ दरवर्षी झालेला. ओक्लाहोमा २०२४ मध्ये दक्षिण-पूर्वेकडच्या एसईसी गटात गेले आणि नोव्हेंबर २०२३ च्या सामन्यानंतर ही परंपरा खंडित झाली. पैनगंगेच्या दोन काठांसारखीच ही गोष्ट. फरक इतकाच की तिथे ती पैशाने घडवली आणि इथे कारभाराने.

पुढे काय होईल, याविषयी तिकडे दोन मते आहेत. बिग टेन आणि एसईसी हेच दोन गट शेवटी सगळे गिळतील, असे एक मत. बिग टेन आज १८ विद्यापीठांचा आहे आणि एसईसी १६ चा. जून २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी दर विद्यापीठामागे ही मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर आहे. इतका पैसा उभा करू न शकणारे गट मागे पडणार, हे उघड आहे. दुसरे मत मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. फुटबॉल वेगळा काढा, त्याचे गट पैशाच्या हिशेबाने करा आणि बाकीचे खेळ पुन्हा शेजाऱ्यांच्या गटात आणा, असे ते सांगते. सगळ्या खेळांना एकच नकाशा लावू नका, हा त्याचा गाभा. उरलेल्या दोन विद्यापीठांनी पॅसिफिकचा गट २०२६ पासून नव्याने उभा करायला घेतला आहे. त्यात गोंझागासारखे फुटबॉलचा संघच नसलेले विद्यापीठही आहे.

आपल्याकडे प्रक्षेपणाचा पैसा नाही, विद्यापीठांच्या सामन्यांना तिकिटे लावून प्रेक्षक येत नाहीत. मग अमेरिकेकडे पाहायचे कशासाठी? एका गोष्टीसाठी. गटात आलेल्या विद्यापीठाला सामन्यांची हमी मिळते. बिग टेनमध्ये फुटबॉलचे नऊ सामने गटातल्या संघांशी, पुरुषांच्या बास्केटबॉलचे वीस. संघ हरो की जिंको, हे सामने होणारच. खेळाडू घडतो तो या हमीत. आपल्या रचनेत ही हमी कुठल्याच पायरीवर नाही.

आपली रचना अशी आहे. महाविद्यालयांचे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. स्पर्धेतून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ ठरतो, त्यातला खेळाडू ‘कलर होल्डर’ होतो. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. तिथले पहिले काही संघ अखिल भारतीय फेरीत. याशिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव राज्यपालांच्या पुढाकाराने होतो. विभागवार स्पर्धा भरवते ती असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू. ही संस्था मूळची १९२५ ची, आजचे नाव १९७३ पासूनचे. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ मध्ये सुरू झाला. मूठभर विद्यापीठांच्या त्या काळात चार विभाग पुरेसे होते.

आता संख्या पाहा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात २०१४-१५ मध्ये ७६० विद्यापीठे होती, २०२१-२२ मध्ये १,१६८ झाली. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशात खासगी विद्यापीठांची भर मोठी पडली. विभाग मात्र तेच राहिले. त्यामुळे पश्चिम विभागाच्या कबड्डी, व्हॉलीबॉलसारख्या स्पर्धांत संघांची रीघ लागते, यजमान विद्यापीठाकडे दिवस मोजके असतात आणि सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीने उरकाव्या लागतात. साखळी येते ती शेवटच्या चार संघांसाठी.

हे सारे एका मुलीच्या अंगाने पाहू. ती महागाव तालुक्यातल्या गावातून पुसदला शिकायला येते. फुलसिंग नाईक महाविद्यालयात असेल किंवा दुसऱ्या एखाद्या. सकाळी मैदान, मग वर्ग, मग संध्याकाळची एसटी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एखाद्या दूरच्या केंद्रावर असते. संघ तिथे पोहोचतो, पहिला सामना हरला की त्याचे वर्ष संपले. तिचा खेळ डोळ्यांत भरला तर निवड चाचणी. तिथे तिची गाठ अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातल्या मुलींशी. १९१४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अशा संस्थेतल्या मुली रोज सकाळ-संध्याकाळ मैदानावर, प्रशिक्षक शेजारी. पुसदची मुलगी त्यांच्यातून निवडली गेली तर ती खरोखर गुणी आहे. मग दहा-बारा दिवसांचे शिबिर, ट्रॅकसूट, किट, पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही, दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत. यवतमाळहून रेल्वे नाही, म्हणून बडनेऱ्याहून गाडी. दीड दिवस प्रवास, कधी आरक्षण मिळते, कधी अर्ध्या संघाचे मिळते. यजमान विद्यापीठाच्या वसतिगृहात गाद्या टाकलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सामना. महिला कबड्डीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा. अर्धा तास. हरला तर त्याच रात्रीची परतीची गाडी.

तीन वर्षांच्या पदवीत ती अशी तीनदा गेली, तर विद्यापीठाच्या पातळीवर तिच्या वाट्याला किमान तीन सामने. चौथ्याची हमी कोणी देत नाही. चढाईतली चूक सुधारायला पुढचा सामना लागतो आणि तो पुढच्या वर्षी असतो. आपल्या ग्रामीण मुलींमध्ये जिद्द नाही, सातत्य नाही असे म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावे. सातत्य दाखवायला खेळ सलग मिळावा लागतो.

महाविद्यालयाची बाजूही सांगायला हवी. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद कितीतरी ठिकाणी रिक्त आहे किंवा तासिका तत्त्वावर भरलेले आहे. जिथे पूर्णवेळ माणूस आहे तिथे तोच कबड्डीचा प्रशिक्षक, तोच अ‍ॅथलेटिक्सचा, तोच संघ व्यवस्थापक, आणि परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षकही. सत्र पद्धतीमुळे हिवाळी परीक्षा आणि स्पर्धा एकाच सुमारास येतात. तरीही या जिल्ह्यात अशी माणसे आहेत, जी पदरचे पैसे घालून संघाला नेतात, मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत काढतात. रचना त्यांच्या मदतीला येत नाही, ते रचनेला सांभाळून घेतात.

दरम्यान देशातल्या विद्यापीठीय खेळाचा तोल भराभर बदलतो आहे. आंतरविद्यापीठ खेळांतल्या सर्वोत्तम विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. पहिला मान मुंबई विद्यापीठाचा होता. नंतरची अनेक दशके अमृतसर, पतियाळा, चंदीगड या पंजाबी त्रिकोणाची. २०२३ चा करंडक अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाला मिळाला आणि लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी दुसरी आली. २०२४ ला पहिला क्रमांक चंदीगड युनिव्हर्सिटीचा, दुसरा पुन्हा लव्हलीचा. ही दोन्ही खासगी विद्यापीठे. ती देशभरातून खेळाडू हेरतात, शुल्क माफ करतात, वसतिगृह आणि आहार देतात. नीरज चोप्रा लव्हलीचाच विद्यार्थी. २०२० मध्ये भुवनेश्वरहून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी या चढाओढीला आणखी बळ दिले, कारण तिथला प्रवेश अखिल भारतीय आंतरविद्यापीठ कामगिरीवर ठरतो. बंगळूरला झालेल्या दुसऱ्या पर्वात जैन विद्यापीठ पहिले आले, तेही खासगीच.

मी या विद्यापीठांना दोष देत नाही. गरीब घरच्या मुलाला कोणी जेवण, मैदान आणि पदवी देत असेल, तर त्याने जावे. पण संलग्न महाविद्यालयांवर उभ्या असलेल्या अमरावतीसारख्या विद्यापीठाचे काय? त्याचा संघ पाच जिल्ह्यांत विखुरलेला असतो, शिबिराच्या दिवसांपुरता एकत्र येतो. समोरचा संघ वर्षभर एका आवारात राहतो. दोघांना एकाच बाद फेरीत उभे करून निकाल लावणे अन्यायाचे आहे. गुणवान मुले बाहेर जाणार, उरलेल्यांचा संघ पहिल्या फेरीत हरणार, आणि मग खेळावर खर्च कशाला असे विद्यापीठातच कोणीतरी विचारणार. ही घसरण थांबवायची असेल तर आपल्या मुलांना आपल्याकडेच पुरेसा खेळ मिळाला पाहिजे.

रचना बदलल्याने काय होते, याचे उदाहरण विदर्भाच्याच क्रिकेटमध्ये आहे. महाराष्ट्र हे एक राज्य, पण रणजी करंडकात त्याचे तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पहिले दोन पश्चिम विभागात, विदर्भ मध्य विभागात. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. २००१-०२ पर्यंत साखळी विभागवार होती, नंतर विभाग मोडून एलिट आणि प्लेट असे स्तर आले. विदर्भाने बरीच वर्षे प्लेटमध्ये काढली. पण प्लेटमध्येही साखळी होती. दरवर्षी ठरलेले सामने, चार-चार दिवसांचे. जोडीला नागपूरची निवासी अकादमी आली. २०१७-१८ मध्ये स्तर काढून २८ संघांचे चार समान गट केले गेले आणि त्याच हंगामात विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य विभागाने दुलीप करंडक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातल्या १९४ धावा विदर्भाच्या यश राठोडच्या होत्या.

यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या अक्षय कर्णेवारचे नाव इथे घ्यायलाच हवे. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा गोलंदाज. २०१९ च्या इराणी करंडकात त्याने शेष भारताविरुद्ध १०२ धावा केल्या, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या ट्वेंटी-२० सामन्यात चार षटके टाकून एकही धाव दिली नाही, वर दोन बळी. असा पराक्रम पुरुषांच्या ट्वेंटी-२० मध्ये त्याआधी कोणी केला नव्हता. गुण त्याचे स्वतःचे होते, यात शंका नाही. पण ते दिसायला वर्षामागून वर्षे ठरलेले सामने देणारी एक व्यवस्था होती. तीच जर त्याला एका बाद फेरीच्या भरवशावर सोडून देणारी असती, तर हे नाव आपल्यापर्यंत पोहोचले असते का?

कबड्डी आणि खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांतही विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. शालेय स्पर्धांत यवतमाळ अमरावती विभागात. म्हणजे कबड्डी खेळणारी एकच मुलगी शाळेत अमरावती विभागाची, संघटनेत विदर्भाची, महाविद्यालयात पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाची आणि तिथून थेट पाच प्रदेशांच्या पश्चिम विभागाची. इतके नकाशे चालत असतील तर शेजाऱ्यांचा आणखी एक चालायला हरकत नसावी.

खरे तर तो नकाशा अस्तित्वात आहे. हिवाळ्यात सोयाबीन निघाले, कापसाचा पहिला वेचा घरी आला की या भागातल्या गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. खुला गट, ५५ किलो वजनगट. बक्षिसे कोणा आमदाराच्या नाहीतर सरपंचाच्या नावची. रात्री हॅलोजनच्या उजेडात, माती ओली करून दाबलेल्या मैदानावर. उमरखेडच्या सामन्यांना हदगाव, हिमायतनगरचे संघ येतात, वणीच्या बाजूला वरोऱ्याचे, राजुऱ्याचे. विद्यापीठ कुठले, हे तिथे कोणी विचारत नाही. खेळाडूंनी पैनगंगा आणि वर्धा कधीच ओलांडल्या आहेत. या सामन्यांत उणीव आहे ती पंचांच्या दर्जाची, दुखापतीवर उपचारांची आणि सर्वांत मोठी म्हणजे मुलींची. मुलींचे सामने त्या मैदानांवर फार थोडे. तिथेच महाविद्यालयांची गरज लागते.

म्हणून मला मांडायचे आहे ते असे. विद्यापीठांच्या हद्दी जिथल्या तिथे राहू द्या, पदव्या आणि परीक्षा त्यांच्याकडे. खेळासाठी मात्र शेजारी महाविद्यालयांची मंडळे व्हावीत, हद्दीपलीकडची धरून. उमरखेड, पुसद, महागाव यांच्याबरोबर हदगाव, हिमायतनगर, माहूर, किनवट. वणी, मारेगाव, झरी-जामणी यांच्याबरोबर वरोरा, भद्रावती, राजुरा. यवतमाळ, कळंब, बाभुळगावबरोबर पुलगाव, देवळी, वर्धा. दिग्रस, दारव्हा, नेरला मानोरा आणि कारंजा जवळ, आणि तिथे तर विद्यापीठही एकच. एका मंडळात आठ महाविद्यालये धरली तर साखळीत प्रत्येक संघाला सात सामने मिळतात, एकदा घरी आणि एकदा बाहेर असे धरले तर चौदा. शनिवार-रविवार खेळायचे, सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींच्या संघाचा प्रवासखर्च सरळ निम्मा. सुरुवात कबड्डी आणि खो-खोपासून व्हावी. मैदान आखायला चुना लागतो, खो-खोला दोन खांब, बाकी काही नाही. कळंबपर्यंतची रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला की उमरखेड, पुसद, यवतमाळ आणि वर्धा एका रुळावर येतील. त्या दिवशी मंडळे आणखी मोठी करता येतील. अ‍ॅथलेटिक्सला मात्र हा नकाशा पुरणार नाही. धावपटूला चांगला ट्रॅक आणि वेगवान सोबती लागतात, ते नागपूर, पुण्यातच. तिथे मोठा विभागच बरा.

आक्षेप मला ठाऊक आहेत. वेगळ्या विद्यापीठाच्या महाविद्यालयाशी खेळताना विमा कोणाचा, प्रवासभत्ता कोणत्या शीर्षाखाली, हजेरी कशी धरायची? हे प्रश्न खरे आहेत, पण चार विद्यापीठांचे क्रीडा संचालक एका टेबलाशी बसले तर सुटणारे आहेत. निमंत्रितांच्या स्पर्धा महाविद्यालये आजही भरवतात, त्यांनाच वेळापत्रक आणि शिस्त द्यायची आहे. विद्यार्थ्याकडून दरवर्षी क्रीडा शुल्क घेतले जाते, त्यातला एक हिस्सा साखळीसाठी बाजूला काढता येईल. दिल्लीहून नवे विभाग आखून येण्याची वाट पाहू नये, असे मी ठामपणे म्हणतो. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारताच्या निवडलेल्या बारा बॅडमिंटनपटूंपैकी सहाच जणांना खेळता आले, कारण नोंदणीच्या कामात अधिकाऱ्यांकडून हलगर्जी झाली. ज्या केंद्रीय यंत्रणेला बारा नावे सांभाळता येत नाहीत, तिच्याकडून उमरखेड-हदगावच्या वेळापत्रकाची अपेक्षा कोणी करावी?

गंभीर आक्षेप एकच आहे. साखळीतून चमकलेला खेळाडू खासगी विद्यापीठे आणखी लवकर हेरतील. हेरोत. आज पुसदच्या मुलीचा खेळ कोणाला दिसतच नाही, चौदा सामन्यांनंतर तो दिसेल. तिने जायचे की राहायचे ते ती ठरवील. खेलो इंडियाच्या निवडक खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ही दारे गाठायला कामगिरीची नोंद लागते, आणि नोंद व्हायला सामने. ती गेली तरी साखळीत तिची जागा घ्यायला दुसरी मुलगी उभी असेल, कारण मंडळातल्या आठ महाविद्यालयांत मिळून शेकडो मुली त्या हंगामात खेळलेल्या असतील.

पहिले मंडळ पैनगंगेच्या दोन काठांवर व्हावे. तिथली अंतरे कमी, खेळाची आवड जुनी आणि दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांना आधीपासून ओळखणारे. उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय, पुसदची महाविद्यालये आणि हदगाव-किनवटची महाविद्यालये यांच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी जूनमध्ये, प्रवेश सुरू असतानाच, एकदा बसून तारखा ठरवाव्यात. हिवाळी परीक्षेआधी ऑगस्ट-सप्टेंबरचे शनिवार-रविवार मोकळे असतात. पावसाने मैदान भिजले तर कबड्डी मॅटवर, नाहीतर सभागृहात. मुलींचे सामने आधी, मुलांचे नंतर, म्हणजे मुलींना उजेडात घरी परतता येईल.